संध्याकाळची हजेरी

“मग ह्याला कळत नाही का, मी कुठं आहे ते?”

प्रश्न शेवटच्या रांगेतून आला आणि माझ्या हातातला खडू थांबला. कारण माझ्या त्या वर्गाला प्रश्न विचारायला कुणी आलेलं नव्हतं. ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या दालनात, रविवारी सकाळी, फळ्यावर ‘मोबाइलची खुली सिस्टीम : तोंडओळख’ असं लिहून मी तासभर घसा कोरडा करत होते. समोर मोजकी डोकी. त्यातली निम्मी नंतरच्या कचौडी-जिलेबीवर डोळा ठेवून. मी मुलींच्या शाळेत संगणक शिकवते, तेव्हा न ऐकणाऱ्यांपुढे बोलायचं मला काही नवीन नाही. पण हा आवाज प्रभावतीबाईंचा होता, आणि प्रभावतीबाई चार माणसांत तोंड उघडत नाहीत.

“कळतं की,” मी म्हटलं. “पण तुम्ही कळू दिलंत तर. तो आधी विचारतो. नको म्हटलं की गप्प बसतो.”

“आणि मागल्या दारानं कुणाला जाऊन सांगत नाही?”

“नाही.”

“कशावरून?”

आता यांना काय सांगायचं? फळ्यावर मी बरंच काही लिहिलं होतं, पण ते सगळं माझ्यासारखीलाच कळणारं. मग मला आठवलं की या बाईंनी जन्मभर लोकांकडे सोवळ्यातला स्वयंपाक केला आहे.

“मावशी, दुकानातून आणलेल्या फोनमधली सिस्टीम म्हणजे बंद दाराआड शिजवलेलं अन्न. काय घातलंय, कुणी हात लावलाय, आपल्याला पत्ता नाही. ही सिस्टीम उघड्या स्वयंपाकघरात शिजते. जगातलं कुणीही यावं, भांड्यात डोकावून बघावं, चुकलं असेल तर दाखवावं. जमत असेल तर स्वतः दुरुस्त करावं. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनवरसुद्धा ती चढवता येते. फुकट.”

“फुकट म्हणजे काहीतरी गडबड असणार,” पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले. प्रभावतीबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या उठल्या, पदर सावरला आणि कचौडी न खाता निघून गेल्या.

संध्याकाळी माझ्या दारात हजर. हातात रुमालात गुंडाळलेला फोन.

“तेजू, ह्याच्यावर चढव ते तुझं.”

प्रभावतीबाई कोण, हे इथं सांगायला हवं. त्या आणि त्यांचे यजमान साताऱ्याचे. यजमान पोस्टमास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी काशीत येऊन क्षेत्रसंन्यास घेतला. भगवी वस्त्रं वगैरे काही नाही त्यात. उरलेलं आयुष्य काशीची हद्द ओलांडायची नाही आणि मरायचं ते इथंच, एवढाच तो संकल्प. यजमान संकल्प सोडत असताना बायकोनं त्यांच्या हाताला हात लावून बसायचं, तशा प्रभावतीबाई बसल्या. झाला त्यांचाही संकल्प. पुढे यजमान गेले, मणिकर्णिकेवर जाळले, सुटले. बाई राहिल्या. अशा क्षेत्रवाशांसाठी आमच्या गल्लीत एक निवास आहे, तिथं त्यांना खोली आणि दोन वेळचं जेवण मिळतं. अट एकच, हद्द ओलांडली की खोली गेली.

आता ही अट पाळली जाते की नाही हे पूर्वी कुणी बघत नसे. मग एक गृहस्थ खोलीला कुलूप घालून कित्येक महिने मुलीकडे इंदूरला राहिले आणि ते देणगीदारांना कळलं. देणगीदार चिडले. त्यांचंही चुकलं नाही म्हणा, पैसा त्यांचा. तेव्हा निवासाचे व्यवस्थापक श्रीनिवास यांनी तोडगा काढला. प्रत्येक क्षेत्रवाशाला एक फोन. रोज सकाळी आणि संध्याकाळी सहाला तो वाजतो, त्यात तोंड दाखवायचं, फोटो आणि ठिकाण दोन्ही आपोआप ऑफिसात जातं. ठिकाण बंद करायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती, ती सेटिंगच त्यांनी कुलपात टाकली होती. देवाला तोंड दाखवायच्या वयात ही माणसं श्रीनिवासला तोंड दाखवत बसायची. मला त्या प्रकाराचा मनस्वी संताप यायचा, पण बोलणार कोण?

“मावशी, कुठं जायचंय तुम्हाला?” मी सरळच विचारलं.

“कस्तुरीकडे.”

कस्तुरी त्यांची एकुलती एक मुलगी. गंगेपलीकडे मुगलसरायला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते. तिचा नवरा निनाद गाडीवर असतो, आज गया तर उद्या पाटणा. आईजवळ असावं म्हणून तिनंच नवऱ्याला बदली मागायला लावली होती. पण जवळ म्हणजे किती, तर मधे एक पूल. आणि गंगेच्या पलीकडे काशी नाही. मुलगी यायची, आई जायची नाही. पहिल्या खेपेला कस्तुरीचं बाळ पोटातच गेलं, तेव्हा ती दवाखान्यात एकटी होती. आई इकडे पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर जप करत बसली होती.

“आता परत दिवस गेलेत तिला. आठवा सरत आला,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “डॉक्टरनं उठायचं नाही म्हणून सांगितलंय. तिला इकडे आणावं तर निवासात बाळंतपण चालत नाही, सोयर लागतं सगळ्यांना. त्या वेळी मी गेले नाही, तेजू. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.”

मी फोन हातात घेतला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला. “हा फोन निवासाचा आहे. मी त्याला हात लावला तर उद्या माझ्यावर बालंट येईल. शाळेपर्यंत जाईल गोष्ट.”

“निवासाचा कसा? अक्षय्य तृतीयेला दिला की त्यांनी. पाट मांडले होते. दात्यानं हातावर पाणी सोडून ‘न मम’ म्हटलं. माझं नाही असं म्हणून सोडलं की त्याचा हक्क सुटला. आता हा माझा.” त्यांनी फोनवर बोट ठेवलं. “फोन माझा आणि आतले डोळे त्यांचे, हे कुठलं दान?”

ज्या गोष्टीवर मी तासभर फळा खरडला होता, ती या बाईंनी हातावरच्या पाण्यात उरकली होती.

तरी मी त्यांना धोके सांगितले. आतलं सगळं पुसलं जाईल. चढवताना काही बिनसलं तर फोन कायमचा मरेल, मग तो पापड लाटायच्याही उपयोगाचा नाही. आणि चढला तरी हजेरी चुकणार नाही, ती द्यावीच लागेल. फरक एवढाच, की ठिकाण द्यायचं की नाही ते आपल्या हातात. “तोंड दाखवायचं आणि ठिकाणाला नको म्हणायचं. ऑफिसला वाटेल गल्लीत सिग्नल मिळाला नाही. तसं रोज कुणाकुणाचं होतंच.” ते खरं होतं. आमच्या गल्ल्यांत वर पाहिलं तर आभाळाची चिंधी दिसते, तिथं बिचाऱ्या उपग्रहाला काय सापडणार?

“फोनमध्ये ठेवायचं असं काही आहे का?” मी विचारलं.

“सकाळी फुलांची चित्रं येतात ती. पुसून टाक.”

बुधवारी शाळेतून आल्यावर मी काम हाती घेतलं. सकाळची हजेरी झाली होती, संध्याकाळच्या आत उरकायचं होतं. प्रभावतीबाईंचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं, कस्तुरीचा फोन आलाच तर असावं म्हणून. कंपनीनं घातलेलं कुलूप काढलं. पडद्यावर इशारा आला, की यापुढे जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. मी तो वाचून दाखवला.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “आणखी कोण असणार?”

सिस्टीम फोनमध्ये जायला लागली. पडद्यावरची रेघ सरकत सरकत निम्म्यावर आली आणि वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, माझ्या नवऱ्यासारखीच ऐन वेळी दगा देणारी. मी धावत जाऊन इन्व्हर्टरची तार आणली. तोवर लॅपटॉप बंद. फोनच्या पडद्यावर एक गोल चिन्ह फिरत होतं, नुसतंच फिरत होतं. मी बटणं दाबली, तार काढली, परत लावली. चिन्ह आपलं फिरतंय. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्याच्या फोनवर शहाणपण करायला सांगितलं होतं कुणी? हजेरीला हा फोन बोलला नाही, की श्रीनिवास खोलीवर येणार. फोन काय झाला, कुणी बिघडवला, सगळं निघणार.

“मेला का?” प्रभावतीबाईंनी विचारलं.

“अजून नाही. थांबा जरा.”

मी पहिल्यापासून सुरुवात केली. आणि तेव्हाच माझ्या फोनवर त्यांच्या सिमची घंटी वाजली. निनाद. मी स्पीकर लावला.

“आई, मी डेहरीला अडकलोय,” तो म्हणाला. मागे गाडीचा आवाज येत होता. “कस्तुरीला कळा सुरू झाल्यात. अंगावरून पण जातंय. शेजारच्यांनी हॉस्पिटलमध्ये नेऊन सोडलं, पण त्यांना थांबता येत नाही. मला पोचायला रात्र होईल. घाबरू नका. तुम्हाला फक्त कळवलं, तुम्ही जप करा.”

प्रभावतीबाईंचा चेहरा असा उतरला, की मला तिकडे बघवेना. जप करा म्हणाला तो. जावई चांगला माणूस आहे, टोमणा मारणाऱ्यातला नाही. म्हणून तर ते जास्त लागलं.

“मी येते,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“येते म्हटलं. हॉस्पिटलचं नाव सांग.”

नाव सांगून त्यानं फोन ठेवला. मी चपला शोधायला उठले तर त्या जागच्या हलल्या नाहीत.

“हे झाल्याशिवाय कसं जाऊ? सहाला वाजेल ना ते.”

“मावशी, ह्याचा काही भरोसा नाही आता.”

“बघ तरी.”

आम्ही दोघी त्या रेघेकडे बघत बसलो. माझ्या मनात एकच चाललं होतं, की तिकडे ती पोरगी एकटी आहे आणि इकडे आपण एका डबीपुढे बसलोय. वीज गेलेलीच होती, गल्लीत कुणीतरी बिजलीवाल्यांच्या नावानं खडे फोडत होतं. रेघ शेवटाला पोचली. पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. मग उजळला, आणि कुठल्याही कंपनीचं नाव न दाखवता साधी विचारणा आली, की भाषा कोणती हवी. मी मराठी निवडली.

सिम परत घातलं. हजेरीचं अॅप निवासाच्या लिंकवरून उतरवलं आणि निघालो.

गल्ल्या ओलांडून मैदागिनच्या चौकापर्यंत पायी, तिथून राजघाटाच्या पुलाकडे टोटो, म्हणजे इथली बॅटरीवरची रिक्षा. प्रभावतीबाई मुठी आवळून बसल्या होत्या. पुलाच्या तोंडाशी टोटो थांबला तो थांबलाच. पुढे ट्रक, मोटारी, वऱ्हाडाची एक बस, सगळं एकमेकांत अडकलेलं.

“आगे जाम बा, माताजी,” टोटोवाला म्हणाला. “पैदल निकल जाइए, उस पार ऑटो मिल जाई.”

आम्ही उतरलो. कडेच्या अरुंद वाटेवरून एकामागे एक चालायला लागलो. पुलाच्या खालच्या मजल्यावरून मालगाडी जात होती, पूल हादरत होता. प्रभावतीबाई माझ्यापुढे, इतक्या भराभर चालत होत्या की मला गाठता येईना. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे हे मला माहीत होतं. आम्ही बरंच अंतर आलो होतो, खाली गंगेचं पाणी करडं पडलं होतं, आणि फोन वाजला.

हजेरी.

त्या कठड्याला टेकल्या. फोन वर धरला. पण आता पूर्वीसारखा तो थेट चेहरा मागत नव्हता. पडद्यावर विचारलं होतं, या अॅपला तुमचं ठिकाण कळू द्यायचं का? खाली दोन चौकटी. या वेळेपुरतं द्या. देऊ नका.

“‘देऊ नका’ दाबा,” मी म्हटलं. “मग तोंड दाखवा. पाठीमागे पाणी दिसू देऊ नका, इकडे माझ्या बाजूला वळा.”

त्या वळल्या नाहीत. “द्या म्हटलं तर?”

“तर आपण पुलावर आहोत हे श्रीनिवासच्या समोर उमटेल. खोली जाईल. दाबा लवकर, वेळ जातोय.”

“आणि नको म्हटलं तर मी काशीत आहे असं होईल.”

“असं ते समजतील. आपण कुठं काही म्हणतोय?”

“म्हणजे खोटंच की ते.”

मला राग आला. खरंच राग आला. दुपारपासून माझ्या जिवाचं पाणी झालं होतं. “मावशी, ह्यासाठीच तर सगळा उद्योग केला ना? मग फोन होता तसा काय वाईट होता? त्यानंही हेच सांगितलं असतं.”

“तो सांगत होता,” त्या म्हणाल्या. “मला कुणी विचारत नव्हतं.” आमच्या शेजारून एक मोटारसायकल भोंगा वाजवत गेली, म्हणून त्या थांबल्या. मग माझ्याकडे बघून, मुलीला समजावतात तशा बोलल्या. “तेजू, संकल्पाच्या वेळी मी ह्यांच्या हाताला नुसता हात लावला होता. तोंडानं काही बोलले नाही. निभावला एवढी वर्षं, तक्रार नाही. आता मोडायचा तर माझ्या तोंडानं मोडते. चोरून नको.”

“पण राहणार कुठं तुम्ही? आणि ते… इथं मरायचं होतं ना तुम्हाला?”

“ह्यांना मरायचं होतं.”

त्यांनी चष्मा पुसला. फोन जवळ धरून दोन्ही चौकटी पुन्हा एकदा वाचल्या, ओठ हलवत, आणि वरच्या चौकटीवर बोट दाबलं. मग डोक्यावरून पदर घेतला, मान सरळ केली आणि त्या पडद्यात बघत उभ्या राहिल्या. मागे अख्खी गंगा होती आणि घाटांवरचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. फोटो गेला. मी त्यांना वाचवायला निघाले होते आणि त्यांनी मला ते करू दिलं नव्हतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि चालायला लागल्या. पूल संपला तिथं त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. मीच मागे वळून बघितलं.

पलीकडे आम्हाला ऑटो मिळाली. श्रीनिवासचा फोन येऊ लागला, मी आवाज बंद केला. तो परत आला. परत आला. प्रभावतीबाईंनी विचारलंही नाही कुणाचा म्हणून. त्या पुढच्या रस्त्याकडे डोळे लावून बसल्या होत्या आणि ऑटोवाल्यानं जरा ब्रेक मारला की त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट होत होता.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा होता. टोकाला हिरवा पडदा, पडद्याआडून बायकांचे आवाज. त्यातला एक कस्तुरीचा होता. प्रभावतीबाई जागीच थबकल्या, आणि मला वाटलं या आता कोसळतात. मी धरायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला केला.

पडदा सारून एक नर्स बाहेर आली. हातात रबरी मोजे, कपाळावर आठ्या.

“कस्तूरी के साथ कौन है? कोई आया कि नहीं अभी तक?”

“मैं हूँ,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “उसकी माँ.”

“तो इतनी देर से कहाँ थीं आप?”

या प्रश्नावर मीच काहीतरी बोलणार होते. दिवसभराचं साठलेलं सगळं त्या नर्सवर निघालं असतं. पण प्रभावतीबाईंनी मान खाली घातली नाही. त्यांनी चपला काढल्या. कोपऱ्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पातळाचा पदर कमरेला खोचला, आणि नर्सच्या मागोमाग पडद्याआड गेल्या. आतून कस्तुरीचा आवाज आला, “आई?” एवढाच. विचारल्यासारखा. त्यावर काय उत्तर मिळालं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर आतलं कण्हणं जरा खाली आलं.

मी बाकावर बसले. त्यांच्या चपला उचलून बाकाखाली नीट जोडून ठेवल्या. फोन माझ्या मांडीवर पुन्हा थरथरायला लागला. श्रीनिवास. या खेपेला मी तो उचलला.

“प्रभावतीबाई कुठं आहेत?” त्यांचा आवाज चढलेला होता. “हे ठिकाण काय दाखवतंय? त्यांना फोन द्या.”

“आत्ता नाही देता येणार,” मी म्हटलं. “त्या कामात आहेत.”